कालवण विचारणाऱ्या निकम सिस्टर

दत्ताला हॉस्पिटलातून घरी आणलं, त्या दिवशी आईने रेडिओ उचलून माळ्यावर ठेवला. दत्ता माझा थोरला भाऊ. तो कान लावून बसायचा तो रेडिओ, आणि आता त्याला दोन्ही कानांनी काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

ठाण्याच्या खाडीकाठी आमचा कोळीवाडा. माझ्या लहानपणीच खाडीचं पाणी नासायला लागलेलं. मासळी लांब गेली तशी बाबांनी हुडी, आमची छोटी होडी, विकली आणि वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात सामान उचलायच्या कामाला लागले. आई धक्क्यावरून माल आणून ठाण्याच्या बाजारात बसायची. तेवढ्यात घर चाललं असतं. पण मी पाचवीत असताना चौदा वर्षांच्या दत्ताला ताप भरला. दोन दिवस अंगारे झाले. तिसऱ्या दिवशी त्याची मान ताठ झाली, उजेड डोळ्यांना सोसेना. डॉक्टर म्हणाले मेंदूज्वर, मेंदूच्या वेष्टनाला सूज आलेय. महिन्याच्या वर तो आत होता. जीव वाचला, कान गेले. तोवर बाजारातल्या आईच्या जागेवर दुसरी बसलेली, खाडे झाले म्हणून बाबांच्या कामावर दुसरा घेतलेला. आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरायला लागली आणि घरी चुलीपाशी मी. शाळा आपोआपच सुटल्यासारखी झाली. सुटली म्हणून कोणी बोललंही नाही.

त्याच दिवसांत निकम सिस्टर पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहिल्या. महापालिकेच्या दवाखान्यातल्या नर्स. पांढरं पातळ, पायात कापडी बूट, काखेत छत्री, आणि अंगाला स्पिरिटचा वास. मेंदूज्वराचा पेशंट ज्या घरात झाला, त्या घरात आणखी कोणाला ताप आहे का ते बघायला आलेल्या. सगळ्यांच्या माना वाकवून बघितल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी पायरीवर बसून बोंबील साफ करत होते.

"ही आत्ता शाळेत का नाही?"

"कामाला माणूस नाय घरात," आई म्हणाली.

"ते तुमचं झालं. माझं काय? हिला सुई द्यायचं वय झालंय, आणि मोठ्या मुलांना मी शाळेत टोचते. ही शाळेत नाही, तर माझ्या रजिस्टरात हिचा रकाना रिकामा. वर मी काय उत्तर देऊ?"

आईशी तिच्या पोरीच्या शिक्षणाबद्दल कोणी गोड बोललं असतं तर तिने दोन शब्द सुनावले असते. पण एका बाईच्या कामात आपल्यामुळे अडचण होतेय, हे तिला सोसेना. सोमवारी मी परत वर्गात. मी आज बी.ए., बी.एड. आहे, हे मी लाजत सांगत नाही. पण त्याची सुरुवात निकम सिस्टरांच्या रजिस्टरातल्या एका रकान्यापासून झाली, हेही सांगायलाच पाहिजे.

सिस्टर मूळच्या साताऱ्याकडच्या. लग्न झालेलं की नाही, घरी कोण असतं, हे आम्हाला कधी कळलं नाही, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. राहायला आंबिवलीला, एवढं ठाऊक होतं. तिथून रोज ठाण्याला यायच्या आणि उशिरा आल्या असं मी कधी पाहिलं नाही.

त्यांची एक खोड साऱ्या वाड्याला पाठ होती. सुई टोचताना त्या "घाबरू नकोस, मुंगी चावल्यासारखं होईल" वगैरे बोलायच्या नाहीत. दंड धरायच्या, कापूस फिरवायच्या आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "आज घरी कालवण कसलं?" कोळ्याचं पोर ते. कालवण विचारल्यावर उत्तर दिल्याशिवाय राहील का? "निवट्यांचं" म्हणायला तोंड उघडलं की "नि"ला सुई आत आणि "चं"ला बाहेर. पुढच्या खेपेला युक्ती माहीत असायची, तरी सगळे फसायचे. त्यामुळे वाड्यात कोणाच्या घरी काय शिजलंय हे सिस्टरांना आधी कळायचं. एकदा एका पोराने "चिंबोऱ्या" म्हटलं, तर त्यांनी कापूस दाबता दाबता डोळे वर केले. "चिंबोऱ्या? काल तुझी आई मला म्हणाली घरात पीठ नाही!"

ज्यांना फारच भीती वाटायची त्यांच्यासाठी दुसरं वाक्य होतं. "भीती वाटते तर वाटू दे. हात हलवू नको." बस, एवढंच. भिऊ नको असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पुढे आयुष्यात मला हे वाक्य किती ठिकाणी उपयोगी पडलं! कॉलेजच्या तोंडी परीक्षेत, मुलाखतीत, सासरी पहिल्या दिवशी. भीती वाटू द्यायची, हात हलवायचा नाही.

मोठ्या मुलांना दहाव्या वर्षी एक आणि सोळाव्या वर्षी एक, धनुर्वाताची सुई असायची. आता आमच्या वाड्यात वय कोणाला माहीत? शाळेच्या दाखल्यावर आम्ही सगळे एक जूनला जन्मलेले. सिस्टरांनी पहिल्या वर्षी तो कॅटलॉग बघितला आणि हेडमास्तरांना विचारलं, "अहो, सगळा कोळीवाडा एकाच दिवशी बाळंत झाला होता काय?" मग त्यांनी स्वतःची एक वही केली. त्यात डाव्या बाजूला वाड्यातल्या घडामोडी आणि उजव्या बाजूला साल. कोणाची हुडी कधी बांधली, कोणाच्या लग्नात पहिल्यांदा बँड आला, नळ कधी आला, पाणी घरात शिरलं ते कधी. म्हाताऱ्यांजवळ बसून त्या मुलांची वयं काढायच्या.

"हा कधी झाला, आजी?"

"हा ना? नारळी पुनवेच्या आदल्या दिशी. भरती चढत होती."

"कुठल्या सालची पुनव?"

"साल मना काय ठावं? पर बँडवाला आला नव्हता तवर."

सिस्टर वही उलटायच्या, बोटांवर मोजायच्या आणि सांगायच्या, "म्हणजे तुमचा नातू दाखल्यापेक्षा सव्वा वर्षाने मोठा आहे. उद्या टोचते." माझं खरं वय मला त्या वहीतून कळलं. दाखल्यावर अजून एक जूनच आहे.

दहावीतल्या मुलांची भीती त्या चांगल्या ओळखून होत्या. आमच्या वर्गात हरी नावाचा मुलगा होता. दहीहंडीला सगळ्यात खालच्या थरात उभा राहायचा, मान बैलासारखी. सुईच्या दिवशी रांगेत "काय नाय रे, काय नाय" म्हणत सगळ्यांना धीर देत होता. स्वतःचा नंबर आला आणि सिस्टरांनी कालवण विचारायच्या आत जो आडवा झाला, तो बाकासकट. आम्ही मुली हसून हसून लोळायच्या बेतात. सिस्टरांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि आमच्यावर डोळे वटारले. "दात काढू नका. उद्या ह्यातल्याच कोणाला तरी नवरा करायची वेळ येईल, तेव्हा मला बोलवू नका." आणि खरंच, आमच्यातल्या एकीने पुढे त्याच्याशीच लग्न केलं. लग्नाला सिस्टर आल्या होत्या. हरीला म्हणाल्या, "आज उभा राहशील ना शेवटपर्यंत?"

पण मला लिहायचं आहे ते दिल्लीबद्दल.

मी दहावीत असताना आमच्या शाळेचा मुलींचा कबड्डीचा संघ दिल्लीच्या स्पर्धेसाठी निवडला गेला. बारा मुली, त्यातल्या सात आमच्या वाड्यातल्या. खेळाचं सर्टिफिकेट मिळालं तर कॉलेजात प्रवेश नक्की, असं पी.टी.चे माने सर म्हणाले. माझे मार्क बेताचेच होते. त्यामुळे माझ्यासाठी दिल्ली म्हणजे कॉलेज, आणि दिल्ली नाही म्हणजे टोपली, इतकं ते सरळ होतं.

आणि त्याच हिवाळ्यात दिल्लीकडे मेंदूज्वराची साथ असल्याचं पेपरात आलं. कोणीतरी ते आईला वाचून दाखवलं. संपलं. "एकाचे कान दिले त्या तापाला," आई म्हणाली, "दुसरं पोर नाय देयाची." तिने नाही म्हटल्यावर वाड्यातल्या बाकी सहा घरांनीही नाही म्हटलं. दत्ताचं सगळ्यांनी बघितलं होतं.

माने सर दवाखान्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर आमच्या ओटीवर.

आमच्यात अहो-जाहो फारसं चालत नाही. आई सगळ्यांना अगं-तुगं करायची, सिस्टरांनासुद्धा. सिस्टर मात्र तिला नेहमी तुम्ही म्हणायच्या.

"ह्या तापाची सुई निघालीय," सिस्टर म्हणाल्या. "आपल्या दवाखान्यात नसते. मुंबईला परदेशी जाणाऱ्यांना देतात. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी आणते, बारा जणींना देते."

आईने समोरची टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, "तवा कुठं होती ही सुई? माज्या दत्ताच्या टायमाला?"

मी आत दाराआड उभी होते. मला वाटलं, आता सिस्टर काहीतरी समजूत घालतील.

"तेव्हा माझ्याकडे नव्हती," त्या म्हणाल्या. "आता मिळतेय. आणि खोटं सांगत नाही, हा ताप पुष्कळ जंतूंनी येतो. दत्ताला कुठल्याने आला ते आता कोणीच सांगू शकणार नाही. ह्या सुईने त्यातला साथीचा जो आहे तेवढा अडतो. पण दिल्लीत आहे तो तोच."

"तू देशील? तुज्या हातानं?"

"माझ्या हाताने."

"मग देखू," आई म्हणाली. आईच्या भाषेत हा होकार नव्हता, पण नकारही नव्हता.

सुई अंगात मुरायला दहा दिवस लागतात म्हणाल्या सिस्टर. आमची गाडी मंगळवारची. म्हणजे गाडीच्या आधीचा शनिवार सोडून त्याच्याही आधीच्या शनिवारी सुई झाली तरच दहा दिवस भरत होते. गुरुवारी संध्याकाळी सिस्टर मुंबईहून लस घेऊन आल्या. दोन छोट्या बाटल्यांत पावडर, आणि ती कालवायला कंपनीने दिलेलं पाणी काचेच्या दोन वेगळ्या बाटल्यांत. थर्मासमध्ये बर्फ. पण दवाखान्यातला फ्रिज नेमका बंद पडलेला आणि मेकॅनिकचा पत्ता नाही.

बर्फ म्हटलं की आमच्या घराशिवाय कोण? सिस्टर थर्मास घेऊन आईकडे आल्या. "बाई, तुमच्या बर्फाच्या पेटीत हे ठेवता का? थंड राहिलं पाहिजे. एकदम थंड. उद्या शुक्रवारी सकाळी डॉक्टर दुसऱ्या दवाखान्याच्या फ्रिजची सोय करतायत."

हे आईला फार आवडलं. ज्या सुईवर तिचा अजून पुरता विश्वास नव्हता, ती तिच्याच पेटीत झोपायला आली होती. तिने पेटी धुतली. पापलेट जसं लांब पाठवायचं असेल तर भरतात तसा बर्फ बारीक फोडला, आणि त्यात खडं मीठ घातलं, चांगलं ओंजळभरून. मीठ घातलं की बर्फ चावरा होतो, माल दगडासारखा राहतो. प्रत्येक कोळणीला हे ठाऊक असतं. घरचा सगळ्यात मोलाचा माल जसा ठेवावा तशा तिने त्या चार बाटल्या ठेवल्या, वरून गोणपाट टाकलं, आणि आम्हाला बजावलं, "पेटीला हात लावाल तर बघा!"

सकाळी सिस्टरांनी पेटी उघडली. पावडरीच्या बाटल्या जशाच्या तशा. पाण्याच्या दोन्ही बाटल्या आतल्या आत गोठून तडकलेल्या. काचेचे तुकडे, मध्ये पांढरा बर्फाचा गोळा.

सिस्टरांनी बोटाने बर्फ उचलला, जिभेला लावला. "मीठ?"

"घातलं ना," आई म्हणाली. "तू बोललीस एकदम थंड." आणि मग तिच्या लक्षात आलं. ती मटकन खाली बसली. आईला मी रडताना फार कमी वेळा बघितलंय. ती रडली नाही, पण म्हणाली ते त्याहून वाईट होतं. "एकवीरेच्या मनात नाय. पोरी नाय जायच्या. माज्याच हातानं मोडलं."

मला वाटलं, झालं, गेली दिल्ली.

सिस्टर आईच्या शेजारी जमिनीवरच बसल्या, पांढऱ्या पातळासकट. "तुमचं काही चुकलेलं नाही. किती थंड ते मी सांगितलं नाही. कोळणीला एकदम थंड म्हटल्यावर ती काय करणार? जे चांगलं येतं तेच करणार. चूक माझी." आणि त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि तिथेच बसून तसं लिहिलं. नंतर मी ते वाचलं होतं. 'पाण्याच्या दोन बाटल्या फुटल्या. नीट सूचना दिली नाही. चूक माझी.' खाली सही. मी नोकरीत इतकी वर्षं काढली, पण आपली चूक कोणी स्वतःहून रजिस्टरला लिहिलेली मला दुसरीकडे दिसली नाही.

दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "सिस्टर, एवढं काय? पाणीच ना? आपल्याकडे इंजेक्शनचं पाणी पडलंय ढीगभर. पाणी ते पाणी."

"तुझ्या चहात घाल," सिस्टर म्हणाल्या. "ह्या लसीला तिचंच पाणी लागतं. आणि ही पावडर गोठून चालते की नाही, तेही मला मुंबईला, लस दिली तिथे, विचारायचंय. अंदाजाने मी कोणाच्या मुलीला टोचत नाही."

आणि मग त्यांनी जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. त्या आईकडे वळल्या. "चला, बाई. पातळ बदला. तुम्ही माझ्याबरोबर मुंबईला येताय. पेटी तुम्ही धरायची."

"मी? मी कशाला? माज्या हातात नको देऊ आता."

"तुमच्याच हातात देणार. बर्फातलं मला काय कळतंय? थंडी किती पाहिजे ते मी सांगते, ती कशी ठेवायची ते तुम्ही बघा."

दोघी गेल्या. आई परत आली ती पार बदलून. एक तर तिने तिथल्या साहेबाला अगं-तुगंच्या चालीवर अरे-तुरे केलं होतं. "तो बोलला पावडरीला गोठून काय होत नाय. मी त्याला विचारलं, बाबा, खरं बोलतंस ना? पोरी माज्या हायत. त्यानं कागद काढून दावला सिस्टरला." दुसरं म्हणजे तिने स्वतःचं एक माप शोधलं होतं. नव्या मिळालेल्या पाण्याच्या बाटल्यांना आधी कोरड्या फडक्यात गुंडाळायचं, बर्फाला नुसतं टेकवायचं, मीठ नाही. आणि सारखी गालाला लावून बघायची. "गालाला गार लागली पायजे, दाताला कळ नाय आली पायजे." परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत पेटी मांडीवर. सिस्टर घ्यायला गेल्या तर हात झटकला. "सोड, तुज्याच्यानं नाय होयाचं."

शनिवारी शाळेच्या ड्रॉइंगच्या वर्गात स्टोव्हवर पिचकाऱ्या उकळल्या. आई दारात उभी. बाकीच्या सहा घरच्या बायका तिच्या मागे, तिच्या तोंडाकडे बघत. सिस्टरांनी पावडरीत पाणी सोडलं, बाटली हलवली, उजेडाकडे धरून बघितली.

"कोण पहिली?"

कोणी पुढे होईना. आईने मला मागून असा धक्का दिला की मी टेबलावरच पडले.

"आज कालवण कसलं?"

"आज केलंच नाही, सिस्टर. आई दोन दिवस तुमच्याच..." झाली सुई.

बारा मुली झाल्या, माने सर झाले. दोन बाटल्या कालवलेल्या, अजून काही सुया उरत होत्या, आणि एकदा कालवलेली लस त्याच दिवशी संपवावी लागते. फेकायचं सिस्टरांच्या जिवावर यायचं. त्यांनी दाराकडे बघितलं. "दत्ता कुठाय?"

दत्ता तेव्हा एकोणीस वर्षांचा, एका गॅरेजात कामाला लागलेला. हाक ऐकू जायची सोय नव्हती, म्हणून मी पळत जाऊन त्याला घेऊन आले. तो बाही वर करून बसला. सिस्टरांनी दंड धरला, कापूस फिरवला आणि सवयीने तोंड उघडलं. मग थांबल्या. त्यांनी पिचकारी खाली ठेवली, हवेत बोटाने मासा काढला, वाटी केली, भुरका मारला आणि भुवया वर केल्या. दत्ता हसला. त्याने दोन्ही हातांच्या बोटांची नांगी करून दाखवली. चिंबोरी. नांगी अजून हवेतच होती आणि सिस्टर कापूस दाबत होत्या.

आई दारात हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. तिने तोंडाला पदर लावला होता.

दिल्लीत आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. समोरच्या मुली दूध-तुपावर वाढलेल्या, आमची पकड त्यांच्या मनगटाला पुरेना. थंडी अशी की दात वाजायचे. पण ताप कोणाला आला नाही. परत आल्यावर सगळ्या सिस्टरांचे पाय धरायला गेलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. "लसीमुळे आला नाही की नशिबाने आला नाही, ते मला विचारू नका. बारा गेल्या, बारा धड आल्या, एवढं मी लिहिलंय. पुढे अभ्यास करा." सर्टिफिकेट मिळालं, कॉलेज मिळालं, आणि वाड्यातली पहिली पदवीधर मी झाले. पेढे द्यायला गेले तेव्हा सिस्टरांनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पगार कधीपासून?"

दिल्लीनंतर त्यांनी आईला सोडलंच नाही. कोणत्याही वस्तीत, कोणत्याही शाळेत आईबाप सुईला नाही म्हणाले की त्या आईला निरोप पाठवायच्या. मी एकदा विचारलं, तुम्ही एवढं शिकलेल्या, आईला कशाला नेता? म्हणाल्या, "मी गेले की लोकांना वाटतं हिचं कामच आहे. नाही म्हणणाऱ्या बाईकडे कधीतरी नाही म्हटलेलीच बाई न्यावी लागते."

त्या निवृत्त झाल्या आणि आंबिवलीलाच राहिल्या. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, तिथल्या एका शाळेत शिक्षिका झाले. नव्वद साल उलटून गेलेलं. त्या वर्षी आमच्याकडे एक पुडी सुटली, की धनुर्वाताची सुई घेतली तर मुलींना पुढे मूल होत नाही. दहावीच्या वर्गातून नकाराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा जमला. हेडमास्तर म्हणाले, जाऊ द्या. मला जाऊ देववेना. मी आंबिवलीला निरोप धाडला.

पालकसभेला निकम सिस्टर आल्या. केस पूर्ण पांढरे, छत्री तीच की तशीच दुसरी. बरोबर ठाण्याहून बोलावून घेतलेली माझी आई. सिस्टर मागच्या बाकावर जाऊन बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. आई पुढे आली.

"मी पण नाय बोललेली," आईने सुरुवात केली. "माज्या पोराचे कान गेले, म्हणून मी सगळ्यालाच नाय बोलायला लागलेली. तापाला नाय, सुईला नाय, दिल्लीला नाय. मग या बाईनं माज्या मांडीवर पेटी दिली." मग ती सगळी गोष्ट, मिठासकट. लोक हसायला लागले. मग एका बाईने उठून विचारलंच, "पण मावशी, मूल होत नाही म्हणतात त्याचं काय?"

आईने वळून माझ्याकडे बोट केलं. मी फळ्याजवळ उभी होते, सातवा महिना.

"ही माजी पोरगी. हिला दहाव्याला सुई झाली, सोळाव्याला झाली, वर दिल्लीची झाली. आता तुमीच देखा हिच्याकडं, होतंय का नाय होत!"

सगळा वर्ग फुटला. हेडमास्तरांनी रुमाल तोंडाला लावला. मला कुठे तोंड लपवावं कळेना, आणि मागच्या बाकावर सिस्टर इतक्या हसत होत्या की त्यांना ठसका लागला. मी त्यांना तोवर मोठ्याने हसताना कधी बघितलं नव्हतं.

सभा संपली तेव्हा त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला. दारात उभ्या राहून ज्याची त्याला परत देत गेल्या. "घ्या. पाठीमागून कोरी आहे, वाण्याची यादी लिहायला होईल." सगळ्या वाटून झाल्यावर छत्री काखेत मारली, आईला म्हणाल्या, "चला, तुमची गाडी उलट्या बाजूची," आणि दोघी रस्त्याला लागल्या. आई हातवारे करून काहीतरी सांगत होती, सिस्टर मान हलवत होत्या. कोपऱ्यावर भाजीवाल्याच्या गाडीआड गेल्या. मी सिस्टरांना शेवटचं बघितलं ते तेव्हा. पुढल्या वर्षी त्या गेल्या.

त्या सभेनंतरच्या गुरुवारी आमच्या शाळेत दहावीच्या तिन्ही तुकड्यांना सुई झाली. एकही चिठ्ठी परत आली नाही, आणि एकही मूल गैरहजर नव्हतं.